एकाच गावाचे तीन नकाशे

मे महिन्याची सुट्टी होती. फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावी वाचनालयातर्फे मुलांचं आठ दिवसांचं शिबिर भरवलं होतं. पहिल्या सकाळी प्रत्येकाला एक कोरा कागद दिला आणि सांगितलं, "गावाचा नकाशा काढा. मोजमाप नको, उत्तर-दक्षिण नको. तुम्हांला गाव जसं दिसतं तसं काढा."

गावकरांच्या घरातल्या एका मुलीने कागदाच्या मधोमध देऊळ काढलं. पुढ्यात तळी, बाजूला शिगम्याचा मांड, वेशीवर राखणदाराची घुमटी. खालच्या वाड्यावरच्या एका मुलाच्या कागदावर कपेल म्हणजे छोटं चर्च होतं, त्याच्यासमोरचा खुरीस (क्रूस), फुटबॉलचं मैदान आणि सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकल टेकवून भोंपू वाजवतो तो कोपरा. तिसरा मुलगा विजापूरकडून बांधकामावर आलेल्या कुटुंबातला. त्याने भाड्याच्या सहा खोल्यांची रांग काढली, बाहेरचा एकुलता एक नळ, नळाखाली ओळीने ठेवलेल्या घागरी, बसथांबा आणि उधारी देणारं दुकान. घागरी त्याने मोजून काढल्या होत्या. अकरा.

तिन्ही कागद भिंतीला शेजारी शेजारी चिकटवले. देऊळ काढणारी मुलगी त्या नळावर बोट ठेवून विचारू लागली, "हें आमच्या गांवांत खंय?" तिच्या घरापासून तो नळ चालत पाच मिनिटांवर होता.

मग माझ्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. आमचं वाचनालय पंचायतीच्या इमारतीत वरच्या मजल्यावर आहे. मुलं रोज पंचायतीच्या दारावरून जिना चढून वर येत. पण पंचायत एकाच्याही नकाशात नव्हती.

नकाशाचा हा खेळ माझा नव्हे. शिक्षकांच्या एका आंतरराष्ट्रीय प्रशिक्षणात मी तो शिकले होते. "आंतरसांस्कृतिक शिक्षण आणि नागरी सहभाग यांना चालना देण्यासाठी सहकार्य प्रकल्प" असं त्या प्रशिक्षणाचं भलंमोठं नाव होतं. तेव्हा ते शब्द मी नुसते वहीत उतरवून घेतले. त्यांचा अर्थ मला शिबिरातल्या त्या भिंतीसमोर उभी असताना कळला. आता गोव्यातल्या शाळा-कॉलेजांत आणि संस्थांत असे प्रकल्प कानावर येऊ लागले आहेत. आपली मुलं परदेशी जातात, तिकडची इथे येतात. म्हणून हे सगळं एकदा सोपं करून सांगावंसं वाटलं.

'बहु' आणि 'आंतर'

आधी शब्द पाहू. बहुसांस्कृतिक म्हणजे अनेक संस्कृतींची माणसं एका जागी राहतात, एवढंच. ती एकमेकांकडे जातात-येतात की नाही, हे त्या शब्दातून कळत नाही. आंतरसांस्कृतिक हा शब्द त्या जाण्या-येण्याबद्दल आहे. दोन घरं शेजारी असणं वेगळं आणि त्यांच्यातल्या गडग्याला ये-जा करण्यापुरती वाट असणं वेगळं.

गोव्याला ही गोष्ट परकी नाही. म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्र सायबीण (मेरी माता) आणि शिरगावची लईराई देवी या बहिणी-बहिणी, असं आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या मानतात. सायबिणीच्या फेस्ताला हिंदू बायका तेल घेऊन जातात. शिवोलीचा जागर हा लोकोत्सव हिंदू आणि ख्रिस्ती मिळून करतात. ही नाती जोडायला कुणी प्रकल्प आणला नव्हता. गावातल्या लोकांनीच ती जोडली आणि टिकवली. याचा मला मनापासून अभिमान आहे.

पण ही नाती जुन्या गावकऱ्यांमधली आहेत, हेही खरं. वीस वर्षांपासून त्याच गावात भाड्याने राहणाऱ्या कन्नड किंवा हिंदी बोलणाऱ्या कुटुंबाची त्या जागरात जागा कुठे? त्यांच्यासाठी आपल्याकडे 'घाटी' आणि 'भायले' (बाहेरचे) असे शब्द आहेत, आणि ते शब्द मुलं घरातच शिकतात. आंतरसांस्कृतिक शिक्षण म्हटलं की डोळ्यांसमोर पॅरिस नाहीतर लिस्बन येतं. गोव्यात त्याची खरी परीक्षा भाड्याच्या खोल्यांपाशी होते, असं माझं मत आहे.

युनेस्कोने २००६ साली आंतरसांस्कृतिक शिक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यात मुख्य सूत्रं तीनच आहेत. शिकणाऱ्याला त्याच्या संस्कृतीचा मान राखणारं शिक्षण मिळावं, हे पहिलं. समाजात पूर्ण सहभागी होता येईल एवढं ज्ञान आणि कौशल्य प्रत्येकाला मिळावं, हे दुसरं. निरनिराळ्या समाजांना एकमेकांविषयी आदर आणि समज वाटेल असं शिक्षण सगळ्यांना मिळावं, हे तिसरं. पहिलं आणि तिसरं सूत्र बहुतेकांना ठाऊक असतं, दुसऱ्याकडे मात्र लक्ष जात नाही. संस्कृतीची ओळख आणि सार्वजनिक कामात सहभाग या दोन गोष्टी एकाच वाक्यात का येतात, याचं उत्तर त्या दुसऱ्या सूत्रात आहे. शेजाऱ्याचा सण मला ठाऊक आहे, पण गावाचा निर्णय घेताना शेजाऱ्याला बोलावलंच नाही, तर त्या ओळखीने त्याच्या वाट्याला काय आलं?

दिसणं आणि ओळखणं

कुणी म्हणेल, गोव्याला हे काय शिकवायचं? कळंगुटला, हरमलला जगभरची माणसं येतात. आपली पोरं तीन-चार भाषांत बोलतात.

माणसं येतात हे खरं. पण ती भेटतात कशी, ते पाहा. एक खोली भाड्याने देतो, दुसरा घेतो. एक जेवण वाढतो, दुसरा बिल भरतो. असं तीस वर्षं चाललं तरी एकमेकांबद्दल कळतं ते दरापुरतंच. घरी धुणीभांडी करायला येणाऱ्या बाईचंही तसंच. ती रोज येते, स्वयंपाकघरात वावरते, आणि तिचं आडनाव आपल्याला माहीत नसतं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली यावर एक विचार मांडला, आणि आज जगभरचे प्रकल्प त्याच पायावर उभे आहेत. दोन गटांची नुसती गाठ पडून मनातली अढी जाईल असं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. ती जायला चार गोष्टी लागतात. त्या भेटीपुरता तरी दोघांचा दर्जा बरोबरीचा हवा. दोघांना एकच गोष्ट साधायची असावी. ती साधायला एकमेकांची गरज पडावी. आणि शाळा, पंचायत, सरकार अशा कुणा वडीलधाऱ्या संस्थेचं त्याला पाठबळ असावं. पुढे २००६ साली थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप या अभ्यासकांनी ५१५ संशोधनांची एकत्र छाननी केली. परक्या गटाशी संबंध आला की पूर्वग्रह साधारणपणे कमी होतो, आणि या चार अटी पाळल्या तर तो अधिक कमी होतो, असं त्यांना दिसून आलं.

या अटी कळंगुटच्या खानावळीला लावून पाहा. बरोबरी नाही, समान ध्येय नाही. मग गावच्या फुटबॉल संघाला लावून पाहा. चेंडू कुणाच्या घराण्याकडे पास करायचा, हे मैदानावर कुणी विचारत नाही. सहकार्य प्रकल्प या चार अटी मुद्दाम जुळवून आणतो. तीन गावची किंवा तीन देशांची मुलं एका कामाला लावायची, कामच असं निवडायचं की एकट्या गटाला जमू नये, आणि पाठीशी संस्था उभी करायची. यात गूढ असं काही नाही. पण हे आपोआप होत नाही, त्यासाठी बारकाईने आखणी करावी लागते.

शत्रूंनी मिळून लिहिलेलं पुस्तक

असा प्रकल्प किती दूरवर जाऊ शकतो, हे पाहायचं तर फ्रान्स आणि जर्मनीकडे पाहावं. १८७० ते १९४५ या पंचाहत्तर वर्षांत हे दोन देश तीनदा एकमेकांशी लढले. दोन्हीकडच्या जवळजवळ प्रत्येक घरात कुणीतरी गेलेलं. २२ जानेवारी १९६३ रोजी फ्रान्सचे अध्यक्ष द गोल आणि पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर आडेनाउअर यांनी मैत्रीच्या एलिझे करारावर सह्या केल्या, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये दोन्ही सरकारांनी मिळून एक युवा कार्यालय उघडलं. मुलांना एकमेकांच्या देशात पाठवायचं, एवढंच त्याचं काम. आजवर ९० लाखांहून अधिक तरुण त्यातून गेले-आले.

पण मला विशेष वाटतं ते पुढचं. कराराला चाळीस वर्षं झाली तेव्हा, जानेवारी २००३ मध्ये, बर्लिनला दोन्ही देशांच्या विद्यार्थ्यांची युवा संसद भरली होती. तिथे मुलांनी मागणी केली की आम्हांला इतिहासाचं एकच पुस्तक द्या, दोन्ही देशांत तेच शिकवा. सरकारांनी ती मान्य केली, दोन्हीकडचे इतिहासकार एकत्र बसले, आणि २००६ साली पहिला भाग निघाला. एक आवृत्ती फ्रेंच, एक जर्मन, मजकूर तोच. ज्या युद्धात आपले आजोबा एकमेकांसमोर उभे होते, त्याबद्दल दोन्हीकडची मुलं तीच पानं वाचू लागली. मुलं एकमेकांना भेटली, एकमेकांची झाली, तिथेच थांबली नाहीत. त्यांनी मिळून काहीतरी मागितलं आणि मिळवलं. आंतरसांस्कृतिक शिक्षणातून लोकसहभाग येतो तो असा.

हे सगळं युरोपापुरतंच राहिलं असंही समजू नका. प्येर सेरेझोल नावाच्या स्विस इंजिनिअरने १९२० साली पहिल्या महायुद्धात बेचिराख झालेल्या, फ्रान्समधल्या व्हर्दं परिसरातल्या एका गावी निरनिराळ्या देशांच्या स्वयंसेवकांना घेऊन घरं बांधायला सुरुवात केली. त्यात जर्मनही होते. ते काम काही महिन्यांतच थांबलं, पण कल्पना थांबली नाही. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात मोठा भूकंप झाला, आणि हाच सेरेझोल मोजके साथीदार घेऊन तिथली गावं पुन्हा उभी करायला आला. दुसऱ्या देशातल्या माणसासोबत खांद्याला खांदा लावून माती वाहणं, हा या प्रकल्पांचा सगळ्यात जुना प्रकार. भारतात तो नव्वद वर्षांपूर्वीच येऊन गेला आहे.

पैसा कुठून येतो, नियम काय

आता व्यवहाराचं बोलू. आज या क्षेत्रात सगळ्यात मोठा आहे तो युरोपीय संघाचा एरास्मस कार्यक्रम. गोवा घटकराज्य झाला त्याच साली, १९८७ मध्ये तो सुरू झाला. पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी गेले. आता 'एरास्मस प्लस' नावाने तो चालतो आणि २०२१ ते २०२७ या सात वर्षांसाठी त्याची तरतूद सुमारे २६ अब्ज युरोंची आहे. त्याची चार प्राधान्यं ठरलेली आहेत: सर्वांना सामावून घेणं, डिजिटल बदल, पर्यावरण आणि लोकशाही जीवनातला सहभाग.

प्रकल्प म्हणजे कागदावर काय असतं? संस्था एकत्र येतात. 'सहकार्य भागीदारी' या प्रकारात निदान तीन देशांतल्या तीन संस्था लागतात. छोट्या संस्थांसाठी 'लघु भागीदारी' आहे, तिला दोन देशांतल्या दोन संस्था पुरतात आणि एकूण ३० हजार किंवा ६० हजार युरो एकरकमी मिळतात. प्रस्तावात गरज काय, काम काय, कोण काय करणार, पैसा कसा लागणार आणि शेवटी लोकांच्या हाती काय उरणार, हे लिहावं लागतं. मंजुरी मिळाली की बैठका, प्रशिक्षणं, मुलांच्या भेटी, आणि शेवटी अहवाल.

भारतातली संस्था सहकार्य भागीदारीसाठी स्वतः अर्ज करू शकत नाही. मात्र तिच्याशिवाय काम अपुरं राहील हे पटवून दिलं, तर ती भागीदार म्हणून येऊ शकते. विद्यापीठांसाठी क्षमतावृद्धीच्या प्रकल्पांचा वेगळा मार्ग आहे. आणि पदवी झालेल्या मुलामुलींसाठी 'एरास्मस मुंडुस' हा संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. त्यात निदान दोन देशांत राहून शिकायचं असतं, शिष्यवृत्ती दरमहा १,४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने. ही माहिती आपल्याकडच्या कॉलेजांतल्या मुलांपर्यंत पोचत नाही याची मला हळहळ वाटते. इंग्रजी माध्यमातली, पणजी-मडगावची मुलं शोधून काढतात. सत्तरी, सांगे, केपे, काणकोणच्या मुलांना कुणी सांगितलं तर कळतं.

संस्था चालवणाऱ्यांनी मात्र एक कायदा आधी वाचावा. परदेशातून देणगी घ्यायची तर परकीय अंशदान नियमन कायदा, २०१० खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. २०२० सालच्या दुरुस्तीनंतर ते पैसे फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घेता येतात, आलेली रक्कम दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, आणि प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आतच ठेवावा लागतो. परदेशी भागीदाराला हे ठाऊक नसतं. तो पैसे पाठवायच्या गोष्टी करतो आणि इथली लहान संस्था भलत्याच अडचणीत येते. म्हणून पहिल्याच पत्रात हे स्पष्ट लिहावं. पुष्कळदा तर पैसा इथे न आणताही काम होतं: परदेशातल्या शाळेशी इंटरनेटवरून वर्षभर जोडलेला वर्ग, दोन्हीकडच्या मुलांनी एकाच प्रश्नावर केलेली पाहणी. पाणी, कचरा, बस हे प्रश्न सगळीकडे आहेत.

कमतरता कुठे राहते, हेही माझ्या अनुभवावरून सांगते. प्रस्ताव लिहितात शहरातली चार माणसं, मुदत संपायच्या आदल्या आठवड्यात. ज्या गावात काम व्हायचं त्या गावाला विषय नंतर कळतो. सहभाग वाढवणाऱ्या प्रकल्पाची सुरुवातच सहभागाशिवाय होते. विषय ठरवायच्या आधी निदान एक संध्याकाळ गावात बसावं, एवढी माझी विनंती आहे.

ताटं, झेंडे आणि एक प्रश्न

एकदा चार देशांतले तरुण आमच्या भागात पंधरवडाभर राहायला आले होते. अशा भेटीत एक 'सांस्कृतिक संध्याकाळ' ठरलेली असते. टेबलं मांडायची, आपापला खाऊ, आपापला झेंडा, आपापला नाच. आम्ही बेबिंक ठेवलं, जत्रेतलं खाजं ठेवलं, मुलींना कुणबी साडी नेसवली. आमच्या गटात त्या विजापूरकडच्या मुलासारखाच एक मुलगा होता, अठरा-एकोणीस वर्षांचा, इथेच लहानाचा मोठा झालेला, कोंकणी फर्डी बोलणारा. तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "टीचर, हांव कितें घालूं? हांव गोंयचो म्हणून उबो रावूं काय थंयचो?"

मला उत्तर देता आलं नाही. तो त्या संध्याकाळभर खुर्च्या उचलत राहिला, आणि ते मी बघत राहिले. आजही ते आठवलं की मला वाईट वाटतं.

अशी संध्याकाळ वाईट नाही. पहिल्या रात्री लाजणाऱ्या मुलांना एकमेकांशी बोलायला ती निमित्त देते. पण तिच्यात प्रत्येक देश म्हणजे एक पदार्थ, एक पोशाख, एक नाच होऊन बसतो. जो माणूस दोन ठिकाणचा आहे, त्याला टेबलच मिळत नाही. आणि आज जगात दोन ठिकाणची माणसं कितीतरी आहेत. इंग्लंडमधल्या स्विंडनमध्ये राहणारा गोंयकार तिकडे नेमका हाच प्रश्न रोज झेलत असतो. आपलीच माणसं बाहेर 'भायली' आहेत, हे घरी 'भायले' म्हणताना आठवत नाही.

मुलांच्या सहभागाबद्दल रॉजर हार्ट यांनी १९९२ साली युनिसेफसाठी एक शिडी मांडली, आठ पायऱ्यांची. खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग म्हणतच नाहीत. पहिली, मुलांना हवं तसं वापरून घेणं. दुसरी, शोभेसाठी उभं करणं. तिसरी, नावापुरतं विचारणं. मंत्री येणार म्हणून उन्हात झेंडे देऊन उभी केलेली शाळकरी मुलं ही दुसरी पायरी. "आमच्या बैठकीत दोन तरुणही होते" ही तिसरी. वर चढत गेलं की मुलांना आधी माहिती मिळते, मग त्यांचं मत ऐकलं जातं, मग निर्णय मोठ्यांच्या बरोबरीने होतो. प्रकल्प चांगला की वाईट हे ठरवायला मी आता एकच गोष्ट बघते: त्यातल्या मुलांनी शेवटी कुठला निर्णय घेतला? भिंतीवरचे फोटो कितीही सुंदर असले तरी या प्रश्नाचं उत्तर नसेल, तर ते काम अजून दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर आहे.

बर्लिनची मैत्री, मडगावची सभा

आपल्याच इतिहासात याचं एक उदाहरण आहे, आणि ते शाळेत फक्त तारखेपुरतं शिकवतात. १८ जून १९४६. मडगावात बंदी झुगारून जाहीर सभा झाली. ती घेणारे दोघे, राममनोहर लोहिया आणि ज्युलियांव मिनेझिश. त्या काळी पोर्तुगीज राजवटीत परवानगीशिवाय सभा घेता येत नव्हती, छापण्या-बोलण्यावर सेन्सॉर होता. लोक त्या दिवशी काय मागत होते? बोलण्याचा आणि एकत्र जमण्याचा हक्क. लोकसहभागाची ती पहिली अट.

पण हे दोघे एकत्र आले कसे? एक उत्तर प्रदेशातल्या अकबरपूरचा, दुसरा सासष्टीतल्या असोळण्याचा. एक हिंदू, एक ख्रिस्ती, दोघांच्या घरच्या भाषा वेगळ्या. ते भेटले बर्लिनमध्ये, विद्यार्थी म्हणून. १९४६ साली लोहिया तुरुंगातून सुटल्यावर विश्रांतीसाठी आले ते या जुन्या मित्राच्या घरी, असोळण्याला. तिथे लोक भेटायला येऊ लागले, आपली गाऱ्हाणी सांगू लागले, आणि विश्रांती बाजूला राहिली. परदेशातल्या विद्यापीठात बरोबरीच्या नात्याने जुळलेली एक ओळख मडगावच्या मैदानापर्यंत आली. विद्यार्थ्यांना परदेशी पाठवून काय होतं असं कुणी विचारलं, तर मी हे सांगते.

अवघड इतिहासाचंही असंच. १९ डिसेंबर १९६१ ला आपण मुक्तिदिन म्हणतो. त्या वेळच्या लिस्बनच्या सरकारच्या लेखी ते आक्रमण होतं. पोर्तुगालमध्ये २५ एप्रिल १९७४ ला हुकूमशाही कोसळली, आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबरला झालेल्या करारात पोर्तुगालने गोव्यावरची भारताची सत्ता मान्य केली. गोव्याची आणि पोर्तुगालची मुलं एका वर्गात बसली, तर हा एक दिवस आणि ते दोन शब्द त्यांच्यासमोर ठेवावेत, असं मला वाटतं. कुणाच्या आजीने तो दिवस कसा पाहिला, कुणाच्या आजोबांना सैनिक म्हणून इथे का पाठवलं होतं, हे मुलांनी एकमेकांना विचारावं. ज्या राजवटीने गोव्यात तोंडं बंद केली, तीच पोर्तुगालमध्येही लोकांची तोंडं बंद करत होती, हे तेव्हा दोन्हीकडच्या मुलांना उमगेल. सत्य दोघांमध्ये अर्धं अर्धं वाटून घ्यायचं असा याचा अर्थ नाही. मुक्ती ती मुक्तीच. पण समोरच्याने दुसरा शब्द का शिकला, हे समजून घेता येतं, आणि ते समजल्यावर आपला शब्द आपण अधिक जाणतेपणाने वापरतो.

नळाचं पुढे काय झालं

शिबिराच्या चौथ्या दिवशी मुलांनी तिन्ही नकाशे जोडून एक मोठा नकाशा केला. कार्डबोर्डावर, खळ लावून. पंचायत कुठे काढायची यावरून बरीच चर्चा झाली. शेवटी मुलं जिना उतरून खाली गेली आणि सचिवांना विचारून आली की इथे काय चालतं.

गोव्यात १९१ ग्रामपंचायती आहेत. गोवा पंचायतराज कायदा १९९४ चा. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर अशा चार महिन्यांत रविवारी सर्वसाधारण ग्रामसभा होते. गावातले मतदार हे तिचे सदस्य. कुठलाही मतदार उभा राहून प्रश्न विचारू शकतो, हिशेब मागू शकतो. सभागृह बहुतेक वेळा अर्धं रिकामं असतं. २००६-०७ साली जमीन-वापराच्या प्रादेशिक आराखड्याविरुद्ध गावोगावची माणसं उठली आणि सरकारला तो मागे घ्यावा लागला, तेव्हा लोक एकत्र बसले की काय करू शकतात ते सगळ्या गोव्याने पाहिलं होतं. ती सवय आपण टिकवली नाही, याचं मला दुःख आहे.

जुलैच्या ग्रामसभेत सरपंचांच्या परवानगीने मुलांनी तो जोडलेला नकाशा मांडला. देऊळ काढणारी मुलगी बोलली. ती नळाबद्दल बोलली, स्वतःच्या वाड्याबद्दल नाही. एका पंचांनी विचारलं, "त्या खोल्यांतलं कोण आलंय?" घागरी मोजणाऱ्या मुलाची आई मागे दाराशी उभी होती. तिला बोलता आलं नाही. तिचं नाव अजून कर्नाटकातल्या तिच्या गावच्या यादीत होतं. इथे ती मतदार नव्हती, म्हणून ग्रामसभेची सदस्य नव्हती. अकरा वर्षं इथलं पाणी भरणारी बाई या सभेच्या लेखी गावात नव्हतीच.

त्या दिवसापर्यंत हे मलाही कधी सुचलं नव्हतं. घर बदललेल्या मतदाराने नमुना क्रमांक ८ भरून नाव नव्या पत्त्यावर आणायचं असतं. अर्ज ऑनलाइन भरता येतो, किंवा मतदान केंद्राच्या बीएलओकडे (मतदार यादीचं काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्याकडे) देता येतो. पत्त्याचा पुरावा लागतो, आणि अडतं ते तिथेच, कारण खोल्यांचे मालक लेखी भाडेकरार करायला राजी नसतात. सहा खोल्यांपैकी दोन खोल्यांचे मालक तयार झाले. त्यासाठी आमच्यातल्या दोघांना तीनदा त्यांच्या घरी जाऊन बसावं लागलं. उरलेल्या चार खोल्यांचं अजून झालेलं नाही.

पुढच्या जानेवारीच्या ग्रामसभेत ती बाई तिसऱ्या रांगेत बसली होती. पाण्याचा विषय निघाला तेव्हा उभी राहिली. कोंकणी आणि कन्नड मिसळून म्हणाली, नळ एक आहे आणि घागरी अकरा. सचिवांनी तिचं नाव विचारलं. तिने सांगितलं. नीट ऐकू आलं नाही म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं, आणि इतिवृत्ताच्या वहीत लिहून घेतलं.